राखेतली निलगिरी

त्या वर्षी आमच्या घरात बोलणं माझ्यामार्फत चालायचं. आबा, म्हणजे माझे वडील, आणि आक्का, म्हणजे त्यांची थोरली बहीण, सोप्यात एकाच ओळीत जेवायला बसत. दोघांच्या ताटांत हातभर अंतर असे. तरी आक्काला मीठ हवं झालं की ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणे, "सुमे, त्या माणसाला म्हणावं, मिठाचा डबा हिकडं सरकीव." आबा डबा सरकवत आणि चुलीकडे बघून म्हणत, "सांग तेस्नी, सरकीवला म्हणून." मी दोन्ही निरोप मोठ्यांदा पोचवायची. आई मध्ये पडत नसे. "भाऊभन हायत, आज न्हाय उद्या बोलतील. भाकरी गरम हाय तवर खावा," एवढंच ती म्हणे. आमच्याकडे आवाज कुणाचाच लहान नव्हता. साधं 'जेवलास का' विचारलं तरी तीन घरं पलीकडे कळायचं, त्यामुळे हा अबोलाही गावभर ऐकू जात होता. मला त्याची सवय झाली होती. शाळेतून आल्यावर दप्तर ठेवायच्या आधी मी दोघांचे दिवसभराचे साठलेले निरोप घेत असे.

आमचं गाव कोडोलीपासून चालत तासाभराच्या अंतरावर, डोंगराला टेकलेलं. घरात पुढं सोपा, मध्ये स्वयंपाकाची खोली, मागं गोठा. गोठ्यात आईच्या दोन म्हशी होत्या आणि आडव्या बांबूच्या पलीकडे आक्काची एक. पहाटे मला जाग यायची ती धारांच्या आवाजानं. आईची धार भराभर, घाईची, मध्येच म्हशीला एखादी शिवी. आक्काची धार संथ, एका लयीतली, आणि तोंडानं काही नाही. आक्काचं लग्न होऊन ती इचलकरंजीकडे गेली होती. नवरा मागावर कामाला होता. त्यानं दुसरी बायको आणली तेव्हा आक्कानं भांडण केलं नाही. गळ्यातलं मोडून म्हशीची एक रेडी घेतली आणि तिचं दावं हातात धरून ती चालत माहेरी आली. दारात उभं राहून तिनं आधीच सांगून टाकलं म्हणे, "मी भावाच्या घरात ऱ्हातो, भावाच्या जिवावर न्हाय." आमच्याकडे बायका स्वतःबद्दल 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात. डेअरीत तिच्या नावाचं वेगळं कार्ड होतं. आबांच्या विहिरीवर थोडा ऊस होता, पण त्याचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, तिनं आपल्या म्हशीला कधी घातलं नाही. तिची म्हैस डोंगराच्या गवतावर होती, आणि आक्काची ताठ मान त्या म्हशीवर. एवढं कळलं की पुढचं सगळं कळतं.

डोंगर गावाचा होता, गायरान. मी लहान असताना त्याच्या खालच्या अर्ध्या अंगाला वनीकरणाच्या लोकांनी खड्डे काढले आणि पिशव्यांतून आलेली निलगिरीची रोपं लावली. आबांना राखणदार म्हणून घेतलं. खाकी शर्ट मिळाला, तो ते इस्त्री न करता पण रोज झटकून घालत. पाच-सहा वर्षांत झाडं तीन पुरुष उंच झाली. शेळी त्यांना तोंड लावत नव्हती, पाखरू घरटं बांधत नव्हतं. आधी त्यांच्याखालचं गवत विरळ झालं, मग संपलं. खाली नुसता कडक पाला आणि झाडांनी सोडलेल्या सालीच्या लांब पट्ट्या पडलेल्या असत. त्यावरून चालताना पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. वरचं अर्धं अंग मात्र तसंच राहिलं होतं, कुसळी गवताचं, मध्ये करवंदीच्या जाळ्या. दिवाळीनंतर गावातल्या बायका विळे घेऊन तिथं चढायच्या आणि महिनाभर वैरण कापायच्या.

त्याआधीची रीत अशी होती की फाल्गुनात गाव मिळून डोंगराला धग लावायचं. वाळकं गवत जाळलं की पावसाळ्यात नवं दाट येतं, हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही, जन्मताच माहीत असतं. धग लावायचीही पद्धत होती. संध्याकाळी वारं पडल्यावर, वरून खाली, हातात निरगुडीच्या ओल्या फांद्या घेऊन बायकापुरुष रांगेनं उभे. आक्का या कामात वाकबगार होती. चिमूटभर माती उंच धरून सोडायची, ती कुठं जाते ते बघायची आणि सांगायची, "थांबा अजून," किंवा "आता लावा." तिचं म्हणणं पाटीलसुद्धा ऐकत. निलगिरी आली आणि धग बंद झाली. आबाच सगळ्यांना सांगत फिरायचे की आता जाळायचं नाही. ते फक्त दोन अंगांच्या मधला पट्टा साफ करून तेवढाच जाळत, सकाळच्या दवात. त्याला ते जाळरेषा म्हणायचे. शब्द वनीकरणाच्या साहेबांकडून आलेला होता आणि आबा तो जपून उच्चारत.

अबोल्याचं कारण विळा. त्या दिवाळीच्या सुमारास वरून सांगावा आला की येत्या पावसाळ्यात वरच्या अंगालाही निलगिरी लावायची आहे, तर आत्तापासून तिथं कुणी गवत कापायचं नाही, कापणाऱ्याचा विळा जप्त करायचा. आबांनी आठवडाभर घरोघर सांगितलं. तरी बायका चढल्या. आबांनी एकेकीचा विळा मागून घेतला. काहींनी शिव्या दिल्या, काहींनी पदर पसरला. शेवटी राहिली आक्का. ती कापत होती आणि मागं वळूनसुद्धा बघत नव्हती. सगळ्या बायका आता हा काय करतो ते बघत थांबल्या. "आक्का, इळा दे," आबा म्हणाले. ती म्हणाली, "ये, घे." आबांनी तिच्या मुठीतून विळा काढून घेतला. तिच्या बोटाला थोडं कापलं. आबांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. बहिणीचा विळा सोडला असता तर दुसऱ्या दिवशी गावानं त्यांच्या खाकी शर्टाची थट्टा केली असती, आणि घेतला तर हे. त्यांनी नोकरी धरली. घरात त्या नोकरीवर माझी शाळा चालत होती, हेही खरं.

माघ सरता सरता आक्काची वैरण संपली. बांबूच्या पलीकडची तिची म्हैस नुसती उभी राहायची आणि अलीकडच्या दोन म्हशी वाडं चघळत असायच्या. आईनं एकदा गुपचूप पेंढीभर वाडं पलीकडे टाकलं. आक्कानं ते उचलून परत अलीकडे ठेवलं. डेअरीत तिचं दूध निम्म्यावर आलं. एका सकाळी मी आबांची भाकरी बांधत होते. रोज दुपारी शाळा सुटली की, परीक्षेच्या दिवसांत शाळा सकाळची असे, मीच ती डोंगरावर घेऊन जायची. आक्का चुलीपुढं येऊन बसली आणि हलक्या आवाजात बोलली. हलका आवाज तिला शोभत नव्हता, म्हणून ते मला अजून शब्दशः आठवतं.

"सुमे, आज आबाला सावकाश जेवू घाल. लवकर उठू देऊ नगंस."

"का?"

"धग लावणार हाय मी. खालनं लावतो. ती परदेशी झाडं जळाली की त्येनास्नी कळंल, हितं झाड जगत न्हाय. मग वर कोण लावायला येतंय? आन् वरचं वाळकं जळालं की पावसात गवत येतंय. एका काडीत दोन कामं."

मला ते पटलं. आज इतक्या वर्षांनी, वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावरही मला म्हणावं लागतं की तिचा हिशेब वेडगळ नव्हता. बाप-आज्यापासून जे झाड त्या डोंगरावर बघितलं होतं, ते आगीनं मरत होतं किंवा मागं हटत होतं. आग लागली की वाढणारं झाड तिनं पाहिलेलंच नव्हतं. शिवाय मला तिची बाजू घ्यायची होती. तिच्या बोटाची जखम भरली होती, पण मी ती विसरले नव्हते. मी भाकरीबरोबर ताकाची नेहमीची लहान बरणी न घेता मोठी घेतली, दोन भाकऱ्या जास्त घेतल्या आणि खर्डा भरपूर घातला, म्हणजे तिखट लागून ताक पीत बसतील. आपल्या बापाला फसवायची तयारी मी इतक्या नीटनेटकेपणानं केली.

आबा वरच्या पठारावर एका जांभळाखाली जेवायचे. तिथून खालची निलगिरी दिसत नव्हती, मध्ये डोंगराचा उंचवटा होता. मी त्यांना वाढत राहिले आणि प्रश्न विचारत राहिले. साहेब कुठल्या गावचे, जीपला किती तेल लागतं, तुम्ही लहानपणी शाळा का सोडली. आबा खुशीत होते. घरात त्यांच्याशी एवढं कुणी बोलत नव्हतं. शाळा सोडल्याची गोष्ट त्यांनी पुष्कळ लांबवून सांगितली आणि मी हसले. तेवढ्यात त्यांनी नाक वर केलं. वास आधी आला. गवत जळाल्याचा नव्हे, सर्दीवर छातीला चोळतात त्या औषधाचा, गोड, उग्र. मग खालून तडतड ऐकू आली, फोडणीत मोहरी पडावी तशी, पण थांबेना. आबांनी हातातला घास खाली ठेवला आणि ते धावले. मी हाक मारली, पण काय म्हणून थांबवणार होते?

उंचवट्यावर पोचले तेव्हा मला जे दिसलं त्याला आमची नेहमीची धग म्हणता येत नव्हतं. धग जमिनीवरून चालते. ही झाडांच्या अंगावरून चढत होती. सालीच्या पट्ट्या पेटून वर उडत होत्या आणि पुढच्या झाडावर जाऊन पडत होत्या. आक्कानं माती सोडून वारं बघितलं असणार, पण त्या झाडांत तेल असतं हे वाऱ्यावरून कळत नाही. आणि आबा खाली जाळरेषेवर उभे होते, एकटे, हातात एक फांदी. त्यांना काय वाचवायचं होतं मला माहीत नाही. त्यांच्या ताब्यात दिलेलं होतं, म्हणून ते तिथं उभे होते. आगीनं ती रेघ एका उडीत ओलांडली आणि वरच्या अंगाचं न कापलेलं, छातीएवढं गवत धरलं. आबा दोन बाजूंच्या आगीत आले. तेव्हा बाजूच्या ओढ्यातून आक्का वर आली, डोक्यावर पदर नाही, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात निरगुडीची ओली फांदी. ती झोडपत झोडपत त्यांच्यापर्यंत गेली आणि म्हणाली, "शंकर, मागं सर. माझ्या मागनं ये." चार महिन्यांत ती त्यांच्याशी थेट बोललेली ही पहिली दोन वाक्यं. ते तिच्या मागून आले. मीही बाजूनं धावत ओढ्यात उतरले, तेव्हा दिसलं की त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता आणि भुवया गेल्या होत्या. मला तेव्हा रडू फुटलं ते भीतीचं नव्हतं, लाजेचं होतं. वरचा कडा लागेपर्यंत आग चालली आणि तिथं खडकावर आपोआप विझली.

घरी जाताना आबा पुढं, मी मागं. आक्का पाला आणायला गेली होती, भाजल्यावर लावायचा. वाटेत आबा न थांबता, मागं न बघता म्हणाले, "आज ताक लई आणलंतंस." त्याहून जास्त त्यांनी काही विचारलं नाही. पुढं आयुष्यभर विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी जीप आली. देवळापुढच्या पारावर साहेब बसले, गाव भोवतीनं. साहेब माणूस बरा होता, आबांचा हात बघून त्यानं आधी त्यांना बसायला सांगितलं. मग विचारलं की आग कुणी लावली. निम्म्या गावाला अंदाज होता आणि उरलेल्या निम्म्याला आनंद झाला होता. आबा उठून उभे राहिले. "माझ्या हातनं चुकलं सायेब. जाळरेषा काढत हुतो. वारं फिरलं."

साहेबानं कपाळाला आठ्या घातल्या. "दुपारी?"

"व्हय. चुकलं."

सहा वर्षांत आबांनी सूर्य वर आल्यावर कधी काडी ओढली नव्हती. त्यांना अभिमान होता तो एवढ्या एकाच गोष्टीचा. बायकांच्या घोळक्यातून आक्का पुढं झाली. तिचं तोंड लाल झालं होतं. "भर दुपारी जाळरेषा कोण काढतंय? ह्यो काय येडा हाय? आग म्या..."

"सायेब, माझी भन हाय," आबा तिच्यापेक्षा मोठ्यांदा म्हणाले. "माझा हात बघून गांगरलीया. सुमे, आत्तीला घरला ने." मी तिचा दंड धरला. ती एवढी ताकदीची बाई, माझ्या हातानं मागं आली. तिला बोलायचं होतं असं मला वाटतं, आणि आपल्याला कुणीतरी ओढून नेलं याचं बरंही वाटलं असावं. साहेबानं कागदावर राखणदाराचा निष्काळजीपणा असं लिहिलं. खाकी शर्ट परत द्यावा लागला नाही, कारण त्याची बाही जळाली होती. आबांचं काम गेलं. पुढच्या हंगामापासून ते साखर कारखान्यात ऊस टाकतात त्या गव्हाणीवर लागले, तोवर दुसऱ्यांच्या रानात राबले.

त्या दिवशी आक्का आबांच्या शेजारी बसली, दुधात भाकरी कुस्करली आणि त्यांना भरवली. त्यांचा उजवा हात बांधलेला होता. आई चुलीपाशी तोंड फिरवून बसली होती. माझी निरोप पोचवायची नोकरीही त्या दिवसापासून संपली. आगीची गोष्ट मात्र त्या घरात पुढं बरीच वर्षं निघाली नाही. ना आक्कानं विषय काढला, ना आबांनी.

आठ-दहा दिवसांनी आबा मला म्हणाले, "चल, तुला कायतरी दावतो." आम्ही डोंगरावर गेलो. खालची झाडं काळी ठिक्कर उभी होती, वरचं अंग राखेनं करडं झालं होतं. करवंदीच्या जाळ्या मुळापासून गेल्या होत्या. आबांनी एका झाडाची जळकी डहाळी वाकवली. तिला लवंगेच्या डोक्याएवढी कडक बोंडं होती, आणि सगळ्यांची तोंडं उघडलेली. मग ते खाली वाकले आणि डाव्या हातानं राख उचलून माझ्या तळव्यावर पसरली. राखेत तपकिरीसारखे बारीक दाणे होते, मोहरीहूनही कितीतरी बारीक. "बी हाय," ते म्हणाले. "आगीनं बोंडं उकलली." त्यांनी तळव्यावर फुंकर मारली. दाणे उडाले आणि वाऱ्याबरोबर वरच्या अंगाला गेले. आम्ही दोघं तिकडं बघत राहिलो. तिथं आता गवत नव्हतं, झुडूप नव्हतं, मऊ राखेची तयार वाफ्यासारखी जमीन होती. "आक्काला सांगू नगंस," आबा म्हणाले. "तिला वाटतंय, मेली झाडं."

पावसाळ्यात गवत आलं, आणि असं आलं की गावानं आक्काचं नाव काढलं. वनीकरणाची माणसं आगीनंतर रोपं लावायला आलीच नाहीत, आणि कापायला बंदी करणारं कुणी उरलं नव्हतं. आक्का रोज दोन भारे आणायची, म्हैस भरल्या कासेनं उभी राहायची आणि डेअरीत आक्का रांगेत सगळ्यांच्या पुढं. ते तिचं वर्ष होतं. मी तिला त्याआधी आणि त्यानंतर इतकी खूश पाहिली नाही. भादव्यात एकदा तिनं भाऱ्यातून एक बोटभर रोप काढलं, पान चुरगळून नाकाला लावलं आणि तशीच उभी राहिली. दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. खालची काळी झाडं मेली नव्हती. प्रत्येकाच्या बुडातून चार-चार, पाच-पाच हिरवे फोक फुटले होते. त्याचं तिला फार वाटलं नाही. "मूळ तगलं आसंल, ते कळतंय," ती म्हणाली. पण वरच्या अंगाला, जिथं कुणी कधी खड्डा मारला नव्हता, तिथंही गवतात निलगिरीची रोपं उभी होती, पेरल्यासारखी. तिनं जाळरेषेपासून वर पावलं टाकत मोजली. साठ पावलांपर्यंत रोपं, त्यापुढं नाहीत. ती खाली आली ती सरळ देवळापुढं, आणि चार माणसांत म्हणाली, "बी फेकलं त्या वनीकरणवाल्यांनी. आमी झाडं जाळली म्हणून राखंत बी फेकून गेल्यात चोरावानी. आपणहून झाड साठ पावलं चालत येतंय व्हय?"

गावाला ते पटलं. साठ पावलांनंतर रोपं एकदम थांबतात म्हणजे माणसाचंच काम, हा तिचा मुद्दा बिनतोड होता. आबा तिथंच पारावर बसले होते. त्यांनी ते तसंच राहू दिलं. आक्का पुढं दोन पावसाळे ती रोपं उपटत राहिली, पाटी पाटी भरून, हात सोलवटून. पण फाल्गुनात गावातल्या पोरांनी परत धग लावली, आता बंदी मोडलेलीच होती, आणि परत तेच झालं. करवंद आलं नाही, गवत विरळ झालं, रोपं आणखी वर सरकली. तिसऱ्या वर्षी तिनं म्हैस विकली. वडगावच्या बाजारचा एक दलाल घरी आला होता. तिनं म्हशीच्या कपाळावर हात ठेवला, दावं त्याच्या हातात दिलं आणि आत जाऊन आईला म्हणाली, "वैनी, आजपासनं तुझ्या म्हशींच्या धारा मी काढतो." आई लहान असूनही ती तिला वैनी म्हणायची. डेअरीचं कार्ड तिनं कपाटात कपड्यांखाली ठेवलं. त्यानंतर ती जेवताना पहिल्यापेक्षा कमी वाढून घ्यायला लागली. हे माझ्या आधी आबांच्या लक्षात आलं होतं.

आता मी कोल्हापुरात राहते. फाल्गुनात गच्चीवर गेलं की पन्हाळ्याच्या अंगाला अजूनही धूर दिसतो, आणि वारं इकडचं असलं तर त्यात तो औषधाचा वास असतो. गावाकडं गेले की बघते, निलगिरी पार वरच्या कड्यापर्यंत गेली आहे. तिथं कुणीही कधी एक रोप लावलेलं नाही. मुलांना मी तीस वर्षं शिकवलं की काही झाडं आगीची वाट बघून बी धरून ठेवतात, आग इतरांना संपवते आणि यांना जागा करून देते. वर्गात हे सांगताना माझा आवाज कधी हलला नाही. घरात एकदाच सांगितलं होतं, तेवढं लिहिते आणि थांबते.

मी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होते. सुट्टीला घरी आले होते. उडदाचं घुटं होतं, भाकरी होती, आबा आणि आक्का एका ओळीत जेवायला बसलेले. नुकताच आमच्या सरांनी माझा एक निबंध वर्गात वाचून दाखवला होता आणि ते मला कुणालातरी सांगायचं होतं. शिकून आलेलं पोर असतं तशी मी बडबडत होते. ही झाडं मूळची दुसऱ्या खंडातली, तिथं वणवे नेहमीचे, म्हणून ती आगीला तयार असतात. आगीच्या धगीनं बोंडं उकलतात, बी राखेत पडतं, आणि राखेसारखी जागा त्या बियाला दुसरी नाही. जिथं आग लावाल तिथं ती पसरतात. हे बोलून झालं तेव्हा कुणीच जेवत नव्हतं. आबा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत राग नव्हता, मी त्यांचा हात परत एकदा भाजला असता तर ते असेच बघत राहिले असते.

आक्कानं घास ताटात ठेवला. "म्हंजे," ती सावकाश म्हणाली, "बी कुणी फेकलं न्हाय? मी लावली ती आग त्या झाडाच्याच कामाला आली?"

म्हैस गेली होती, डेअरीचं कार्ड गेलं होतं, भावाची नोकरी तिच्यापायी गेली होती. तिच्याजवळ उरलं होतं ते एवढंच, की तिनं आपलं काम नीट केलं होतं आणि दगा दुसऱ्यांनी दिला. ते मी माझ्या हातानं काढून घेत होते, आणि तेही कौतुक करून घ्यायच्या नादात.

"पुस्तकातलं हाय ते," आबा म्हणाले. "तिकडच्या डोंगरांचं. आपल्या डोंगराला ते लागू न्हाय. मी राखण करत हुतो की न्हाय? त्येनीच फेकलं बी. पोती बघितल्यात मी."

आक्कानं त्यांच्याकडे बघितलं नाही. ती माझ्याकडे वळली. "तू सांग सुमे. तू शिकलीयास."

आबांच्या उजव्या हातावरची कातडी अजून गुळगुळीत, गुलाबी होती. तो हात ताटावर थांबला होता. मी म्हणाले, "आबा म्हणतात ते बरोबर हाय, आक्का. आपल्याकडं तसं व्हत न्हाय."

ती आणखी थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं ताट पुढं सरकवलं आणि आईला म्हणाली, "वैनी, अर्धी भाकरी घाल." कित्येक वर्षांनी तिनं त्या घरात मागून खाल्लं.